ट्रेलरमधला फ्रिज मुक्कामावर थंड कसा राखावा?

मुक्कामी

आमच्या प्रवासी ट्रेलरमध्ये गॅस, घरगुती वीज आणि १२ व्होल्टची बॅटरी अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज आहे. निघण्यापूर्वी घरच्या विजेवर तो उत्तम चालतो. मुक्कामाच्या जागी गॅसवर टाकल्यावर मात्र दुपारनंतर आतले तापमान ९-१० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि पहाटेशिवाय खाली येत नाही. थर्मोस्टॅट सर्वांत थंड खुणेवर आहे आणि ज्योत पेटलेली दिसते, तरीही हे घडते. फ्रिजची बाजू बहुधा पश्चिमेकडे येते, कारण ट्रेलरचे दार सावलीकडे ठेवण्याची आम्हाला सवय आहे.

दूध नासणे एकवेळ चालून जाईल, पण वडील सोबत असतात आणि त्यांचे इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवावे लागते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी गैरसोयीपुरता नाही. फ्रिज बदलण्याआधी काय काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

निळी ज्योत

तुमच्या वर्णनावरून फ्रिज बिघडला आहे असे मला वाटत नाही. विजेवर तो नीट थंड होतो, याचा अर्थ त्याची थंडावा निर्माण करणारी नळ्यांची जोडणी शाबूत आहे. गॅसचा भाग आणि ट्रेलर उभा करण्याची पद्धत या दोन गोष्टी आता पाहायच्या आहेत.

या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. खाली ज्योतीने किंवा विजेच्या कांडीने द्रावण तापवले की अमोनियाची वाफ पाण्यापासून सुटून वर जाते, मागच्या वरच्या नळ्यांत बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होते, तिथून ती फ्रीजरमागच्या नळ्यांत उतरते आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा बाष्प होताना आतली उष्णता शोषून घेते. मग तिला पाणी पुन्हा आपल्यात ओढून घेते आणि तेच चक्र चालू राहते. ही रचना बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोघांनी १९२२ साली स्टॉकहोममध्ये विद्यार्थी असताना शोधून काढली, आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे.

या चक्रात कुठेही पंप नसून द्रव केवळ उतारावरून खाली येतो. म्हणून अशा फ्रिजच्या दोन अटी असतात: ट्रेलर समपातळीत हवा आणि मागची हवा वाहती हवी. यातली एक जरी मोडली तरी थर्मोस्टॅट कितीही फिरवून उपयोग होत नाही. पाणसळ ट्रेलरच्या जमिनीवर न ठेवता फ्रीजरच्या तळावर ठेवून पाहा, कारण जमीन आणि फ्रिज एकाच पातळीत असतात असे गृहीत धरता येत नाही. बऱ्याच उत्पादकांची मर्यादा आडवी ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश अशी असते. तुमच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण माना.

आडवाट

समपातळीचा आग्रह जुन्या फ्रिजसाठी होता, असे माझे मत आहे. आम्ही डोंगरउतारांवर पुष्कळदा वाकडेच उभे राहतो आणि फ्रिज चालतो. प्रत्येक ठिकाणी चाकाखाली फळ्या घालत बसण्यापेक्षा माणसाने सावली शोधावी.

निळी ज्योत

आडवाट, नव्या रचनांची सहनशक्ती वाढली आहे हे तुमचे म्हणणे मान्य, पण ती अमर्याद नाही, आणि होणारे नुकसान त्याच दिवशी दिसत नाही. ट्रेलर तिरका असला की द्रव नळीच्या एखाद्या वळणात साचून राहतो, बॉयलरकडे, म्हणजे द्रावण तापवणाऱ्या खालच्या भागाकडे, परतत नाही आणि बॉयलर कोरडा तापतो. द्रावणात गंज रोखण्यासाठी सोडियम क्रोमेट घातलेले असते. अति तापल्याने त्याचे खडे धरतात आणि ते नळीत अडकले की पुन्हा विरघळत नाहीत. प्रत्येक तिरका मुक्काम थोडी थोडी वाट बुजवत जातो आणि मग एके दिवशी फ्रिज कायमचा कोमट होतो. रस्त्याने जाताना ट्रेलर सतत हलत असल्याने द्रव साचत नाही, म्हणून चढ-उताराच्या प्रवासाची काळजी नको, तिरके उभे राहण्याची मात्र नक्की करावी.

उन्हाची तिरीप

मूळ प्रश्नातला पश्चिमेचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रिजच्या मागच्या भिंतीला बाहेरून दोन झरोके असतात. खालच्यातून हवा आत येते, नळ्यांवरून जाताना तापते आणि वरच्यातून किंवा छपरावरच्या तोंडातून बाहेर पडते. तिसऱ्या प्रहरी ऊन थेट त्या भिंतीवर पडले की आत येणारी हवाच तापलेली असते. बाहेर ३५ अंशांच्या पुढे पारा गेला की हे फ्रिज आधीच कुंथत असतात. त्यात तापलेल्या पत्र्याची भर पडली की आतले तापमान चढणारच. दार उन्हाकडे आले तरी चालेल, पण फ्रिजची भिंत सकाळच्या उन्हाकडे किंवा सावलीकडे असू द्या. जागा तशी मिळाली नाही तर त्या बाजूला कापड ताणा, मात्र ते झरोक्यांपासून हातभर दूर असावे आणि गॅसच्या धुराड्याला कुठेही लागता कामा नये.

आमच्या ट्रेलरमध्ये मी खालची जाळी काढून आत हात घातला, तेव्हा नळ्यांच्या मागे आणि भिंतीच्या पुढे पंजा उभा मावेल एवढी पोकळी सापडली. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते, त्यामुळे ती नळ्यांना स्पर्श न करता त्या पोकळीतून सरळ वर निघून जात होती आणि वरच्या नळ्यांना हात लावणे अशक्य होत होते. ट्रेलर बांधणाऱ्यांनी ती जागा बुजवायला हवी होती. मी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून भिंतीला असा बसवला की हवेला नळ्यांच्या पात्यांमधूनच जावे लागेल आणि मागची फट साधारण बोटभर रुंदीचीच उरेल. वरच्या झरोक्याच्या आत १२ व्होल्टचे दोन लहान पंखे लावले आणि नळ्या तापल्या की ते आपोआप सुरू होतील असा तापमानाचा स्विच जोडला. त्यानंतर दुपारच्या वेळी आतले तापमान ४-५ अंशांनी खाली राहू लागले.

आडवाट

पंख्यांबद्दल मला शंका आहे. हवा तापली की ती आपोआप वर जाते, मग पंखा कशासाठी? शिवाय तो बॅटरी खातो.

उन्हाची तिरीप

जिथे वरचे तोंड छपरावर असते, तिथे धुराड्यासारखी ओढ निर्माण होते आणि पंख्याशिवाय भागते. दोन्ही झरोके एकाच बाजूच्या भिंतीला असतील तर वरची गरम हवा कोपऱ्यात कोंडून राहते, आणि तिथे पंखा खरोखर उपयोगी पडतो. संगणकात असतात तसे हे पंखे असून दोन मिळून अर्धा अँपिअरही घेत नाहीत. पंखा ज्योतीजवळ मात्र कधीही लावू नये, कारण वाऱ्याने ज्योत विझते.

तांब्याची तार

विजेच्या बाजूने काही गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट अशी की मुक्कामावर हा फ्रिज १२ व्होल्टवर चालवू नये. कांडी १७५ वॅटची धरली तर ती १४-१५ अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी या हिशेबाने ती साडेतीन तासांत संपते. अनेक फ्रिजमध्ये १२ व्होल्टवर थर्मोस्टॅट लागूच नसतो, म्हणजे कांडी अखंड चालू राहते. ही सोय गाडी ओढत असताना आणि इंजिन चालू असतानाच वापरण्यासाठी आहे, आणि तेव्हाही तिच्याकडून थंडावा टिकवण्याचीच अपेक्षा ठेवावी, नव्याने थंड करण्याची नव्हे.

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गॅसवर चालतानाही ज्योतीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला आणि गॅसच्या झडपेला बहुतेक फ्रिजमध्ये १२ व्होल्ट लागतात. रात्री दिवे आणि पाण्याचा पंप यांनी बॅटरी उतरली की टाकीत गॅस असूनही फ्रिज बंद पडतो, आणि सकाळी दोष गॅसला दिला जातो.

तिसरी गोष्ट मुक्कामाच्या जागी मिळणाऱ्या विजेची. सगळ्यांचे वातानुकूलन चालू असते तेव्हा व्होल्टेज पडते. कांडीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरले तर उष्णता १९ टक्क्यांनी घटते. अशा दुपारी वीज जोडलेली असूनही गॅसवर टाकणे फायद्याचे ठरते.

डबा-बरणी

सर्वांनी फ्रिजच्या मागच्या बाजूबद्दल लिहिले आहे, मी पुढच्या बाजूबद्दल लिहिते. हा फ्रिज घरच्या फ्रिजसारखा झटपट थंड होत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तो विजेवर सुरू करावा, पूर्ण थंड व्हायला रात्र द्यावी आणि त्यात ठेवायची प्रत्येक वस्तू घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार करून घ्यावी. शिजवलेले अन्न कोमट असताना आत ठेवले तर शेजारच्या चार वस्तू तापतात.

आत हवा फिरली पाहिजे. जाळीदार कप्प्यांवर कागद किंवा प्लॅस्टिक अंथरण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण थंड हवा मागच्या पात्यांवरून खाली उतरते आणि अंथरूण तिला अडवते. डब्यांमध्ये बोटभर अंतर असावे आणि मागच्या पात्यांना काहीही टेकू नये. आमच्याकडे बॅटरीच्या सेलवर चालणारा छोटा पंखा खालच्या कप्प्यात असतो. त्यामुळे वरच्या आणि खालच्या कप्प्यांतला फरक बराच कमी झाला आहे.

मुले असतील तर पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाची वेगळी पेटी ठेवावी. दिवसातून सर्वाधिक वेळा दार पाण्यासाठीच उघडले जाते. आणि दाराचे रबर तपासण्यासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे. ती सहज सुटून आली तर त्या जागेतून गार हवा बाहेर पडते आहे हे समजावे. चारही बाजूंनी हे करावे, कारण रबर बहुधा खालच्या कोपऱ्यात आधी कडक होते.

अंशमापी

डबा-बरणीताईंनी लिहिलेल्या आधी गार करण्याच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. ३० अंशांवरचे १० लिटर पाणी ५ अंशांवर आणायचे तर सुमारे १,०४५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. भिंतींतून आत येणारी उष्णता उपसून फ्रिजकडे ३० वॅट एवढा थंडावा शिल्लक राहतो असे धरले, तरी या कामाला साडेनऊ तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढा वेळ बाकी सर्व वस्तू कोमट राहतील.

उलट १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषून घेतो. एवढ्यात ८ लिटर पाणी १० अंशांनी गार होते. म्हणून मी निघताना घरी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या खालच्या कप्प्यात ठेवतो. दुपारचे कठीण तास त्या सांभाळून घेतात आणि वितळल्यावर ते पाणी पिता येते.

फ्रिजच्या दारावरच्या दिव्यांवर किंवा आकड्यांवर विसंबू नका. तापमापक मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवा, म्हणजे दार उघडल्यावर हवेने तो लगेच चढणार नाही आणि तुम्हाला वस्तूंचे खरे तापमान कळेल. अन्नासाठी ४ अंश किंवा त्याहून कमी हे लक्ष्य असावे. नासणारे पदार्थ ४ अंशांच्या वर २ तासांपेक्षा जास्त राहू देऊ नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर बाहेर काढलेले अन्न तासाभरातच संपवावे.

सौरपट्टी

या सर्व कसरतीवर उपाय म्हणून मी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवा असे सुचवेन. तो तिरकेपणा सहन करतो, कडक उन्हातही गार राहतो आणि तासाभरात फरक दाखवतो. चालू असताना साधारण ४ अँपिअर आणि निम्मा वेळ चालणे धरले तर दिवसाला ४८ अँपिअर-तास लागतात. २०० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात ते भरून काढते.

तांब्याची तार

चांगल्या उन्हात, हे शब्द मी अधोरेखित करेन. तुम्ही ट्रेलर सावलीत लावला की छपरावरचे पॅनेल निकामी होते. तेव्हा पॅनेल वेगळे काढून उन्हात ठेवता यावे, वायर जाड असावी आणि ढगाळ दोन-तीन दिवस पुरेल एवढी लिथियमची बॅटरी असावी. हे नसेल तर वीज नसलेल्या जागी आठवडाभर राहणाऱ्यासाठी गॅसच भरवशाचा आहे; तो दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅमच लागतो.

कॉम्प्रेसर फ्रिज घेणाऱ्यांनी वायरकडे विशेष लक्ष द्यावे. एका परिचितांच्या ट्रेलरमध्ये बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट होते, आणि कॉम्प्रेसर सुरू होताच फ्रिजच्या मागच्या जोडणीवर मीटर १०.३ दाखवत होते. बॅटरी भरलेली असूनही फ्रिजला ती रिकामी वाटायची आणि तो स्वतःला बंद करून घ्यायचा. बारीक वायर काढून जाड वायर थेट बॅटरीपासून आणल्यावर तोच फ्रिज रात्रभर चालला. नवीन बॅटरी घेण्यापूर्वी हे मोजमाप अवश्य करावे.

आडवाट

आमच्या कुटुंबात गाडी चालू असताना फ्रिज गॅसवर ठेवावा की नाही यावर नेहमी वाद होतो. इथे काय मत आहे?

निळी ज्योत

माझ्या मते ठेवू नये. इंधन भरण्याच्या जागी उघडी ज्योत असणे हा अक्षम्य धोका आहे, आणि अनेक बोगद्यांत व बोटींवर पेटलेल्या गॅसला मनाई असते. अपघातात गॅसची नळी तुटली तर टाकी बंद असणे हेच संरक्षण असते. दार न उघडता पूर्ण थंड केलेला फ्रिज काही तास सहज तग धरतो.

सौरपट्टी

काही देशांत नळी तुटल्यास गॅस आपोआप रोखणारी झडप बसवलेली असेल तर याला परवानगी आहे, म्हणून सरसकट चूक म्हणता येणार नाही. पण इंधन भरताना गॅस बंद असलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही.

उंचावरची झाडे

गॅसवर कमी थंड होण्याचे आणखी एक कारण इथे राहून गेले आहे. समुद्रसपाटीपासून साधारण १,७०० मीटरच्या वर हवा विरळ झाल्याने ज्योत अशक्त होते आणि कधी कधी विझतेही. तिथे वीज असेल तर विजेवर टाकावे. थंडीच्या दिवसांत ब्युटेनची टाकी असेल तर तेही तपासावे, कारण ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणे थांबवते. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो.

मुक्कामी

सर्वांचे मनापासून आभार. इथले वाचून आम्ही मागच्या मुक्कामात क्रमाने गेलो. पाणसळ फ्रीजरमध्ये ठेवल्यावर बुडबुडा जवळजवळ काठाला गेलेला दिसला, म्हणून एका बाजूच्या चाकाखाली फळ्या घातल्या. फ्रिजची भिंत पूर्वेकडे येईल असा ट्रेलर फिरवला आणि गोठवलेल्या दोन बाटल्या ठेवल्या. दुपारी ४ वाजता पेल्यातला तापमापक ६ अंश दाखवत होता. आधीपेक्षा फार चांगले आहे, पण अंशमापींनी सांगितलेल्या ४ वर अजून आलेले नाही. आता बर्नर आणि मागची पोकळी उरली आहे. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र ८ च्या इतक्या जवळ राहणे मला धास्तीचे वाटते.

अंशमापी

इन्सुलिन फ्रिजमध्ये नेमके कुठे आहे ते पाहा. तेवढ्याच काळजीने दुसऱ्या टोकाकडेही पाहायला हवे, कारण मागच्या पात्यांना टेकलेले किंवा गोठलेल्या बाटलीशेजारी ठेवलेले इन्सुलिन गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरता येत नाही. मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, जाडसर कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवावे आणि त्याच डब्यात लहान तापमापक असावा. न उघडलेल्या साठ्यालाच २ ते ८ अंश लागतात. वापरात असलेले पेन बहुतेक प्रकारांत २५ किंवा ३० अंशांखाली काही आठवडे चालते. नेमकी मुदत पाकिटातल्या पत्रकात असते आणि ती डॉक्टरांकडून ताडून घ्यावी. सगळा साठा एकाच फ्रिजच्या भरवशावर नेण्याऐवजी थोडा साठा वेगळ्या थर्मासमध्ये असावा.

निळी ज्योत

आता बर्नरकडे वळा. गॅस बंद करून सर्व थंड होऊ द्या, खालची जाळी काढा आणि ज्योतीच्या जागी पाहा. विशिष्ट कोळी गॅसच्या वासाकडे ओढले जातात आणि बर्नरच्या नळीत जाळे विणतात. तेवढ्यानेही हवा कमी मिळून ज्योत पिवळी होते. वरच्या धुराड्यातली काजळी आणि गंजाचे कण खाली पडून बर्नरवर साचतात, तेही साफ करावे लागतात. जेटचे, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र अत्यंत बारीक असते, त्यात तार किंवा सुई घालू नका. छिद्र रुंदावले तर ज्योत कायमची बिघडते. तो स्पिरिटमध्ये भिजवून हवेने फुंकावा, आणि जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. स्वच्छ ज्योत निळी, स्थिर आणि आवाजाला एकसारखी असते. हे काम हाताळण्याची सवय नसेल तर गॅसच्या जाणकाराकडून करून घ्यावे, आणि ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू स्थितीत असल्याची खात्री करावी.

जाळी काढलीच आहे तर नळ्यांवर पिवळसर पूड किंवा डाग दिसतो का तेही बघा. तो सोडियम क्रोमेटचा असतो आणि अंगाला लागू देण्यासारखा नसतो. सोबत अमोनियाचा उग्र वास येत असेल तर फ्रिज लगेच बंद करावा, दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढावे आणि तो पुन्हा सुरू करू नये. अशा वेळी नळ्यांची पूर्ण जोडणीच बदलावी लागते.

मुक्कामी

डाग नाही आणि वासही नाही. बर्नरवर मात्र गंजाचा चांगला थर आहे आणि ज्योतीचे टोक पिवळे दिसते. गॅसच्या जाणकाराला बोलावले आहे; तोपर्यंत ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी मागच्या पोकळीचे माप घेऊन ठेवतो.

उन्हाची तिरीप

माप घेताना विजेच्या वायरी आणि गॅसची नळी कुठून गेली आहे ते कागदावर काढून घ्या. पत्रा धुराड्यापासून दूर ठेवा आणि त्याच्या कडा दुमडून घ्या, म्हणजे हादऱ्यांनी वायर कापली जाणार नाही.